नदीच्या नावाचा सातबारा

सांगली

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझी अर्धी गोष्ट वाचली. मोबाईलवर अक्षरं बारीक दिसत होती म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसलो. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ही गोष्ट मी सोडून देतेय. ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, यात वास्तव नाही. महापुरावर लिहायचं तर पूर आला, घर बुडालं, आजीनं देव्हारा डोक्यावर घेतला, असं खरं काहीतरी लिही. नदीच्या नावाचा सातबारा ही कसली कल्पना?" तुझा आवाज उतरला होता, ते मला फार लागलं. फोनवर तेव्हा धड काही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

गोष्ट सोडू नकोस.

माझी अख्खी नोकरी सातबाऱ्यात गेली, हे तू जाणतेसच. तुझ्या पहिल्याच पानावर भोगवटादाराच्या रकान्यात 'कृष्णा नदी' असं वाचलं आणि मी थबकलो. त्या रकान्यात मी माणसांची नावं पाहिली, सोसायट्यांची पाहिली, देवांची तर कितीतरी पाहिली. देवस्थान इनामाच्या जमिनीला देवाचंच नाव लागतं, पुजारी नुसता वहिवाटदार. आपल्याकडे पाषाणाची मूर्ती कायद्यानं जमीन धारण करते, कोर्टात दावा लावते, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मग जी नदी आपली हद्द स्वतः येऊन दाखवून जाते, तिचं नाव का नको? तुझी कल्पना मला इथेच पटली. ती चावडीतल्या दप्तरातून उगवलेली आहे.

आजचा कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो, तुला उपयोगी पडेल. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे रस्ते, नद्या, नाले, जे जे दुसऱ्या कुणाच्या मालकीचं नाही ते शासनाचं. त्याच संहितेत मळईच्या जमिनीचाही विचार आहे. नदीनं गाळ आणून काठाला जमीन वाढवली तर काय करायचं, आणि काठ खाऊन जमीन नेली तर सारा कसा कमी करायचा. म्हणजे नदी जमीन देते आणि नेते, हे महसूल खात्यानं केव्हाच मान्य केलेलं आहे. तू त्या देणारीचं नाव रकान्यात लिहिलंस, एवढंच.

अशा लेखनाला लोक विज्ञानकथा म्हणोत, कल्पितकथा म्हणोत, आणखी काही म्हणोत. माझ्या लेखी त्याचं सगळं मर्म एका फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीत, आहे. गावच्या दप्तरात एक फेरफार मंजूर झाला की सातबारा बदलतो, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा बदलतो, खातं फुटतं, कर्जाचा बोजा सरकतो, बांधावरची भांडणं बदलतात. एका ओळीमागून गाव हलतं. ही गोष्टसुद्धा जगातली एक नोंद बदलते, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवते आणि विचारते, आता काय काय हलेल? बदल कितीही अचाट असू दे, त्याच्या पुढचा हिशोब चोख लागतो. चमत्काराच्या गोष्टीत अडचण आली की देव धावून येतो. इथे कुणी धावून येत नाही. आपण घातलेली अट आपणच शेवटपर्यंत पाळायची. वास्तववादी कथेपेक्षा हे काम मला तसूभरही सोपं वाटत नाही.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवून बघ. तिथे फेरफार केवढा आहे? 1761 साली पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली हा इतिहास. गोष्टीत ती गोळी कानाजवळून निघून जाते. बस, एवढंच. विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात, आणि तिथून पुढे ईस्ट इंडिया कंपनीला हातपाय पसरायला जागाच उरत नाही. ही कथा वाचून पानिपताचं दुःख कमी होत नाही. पण 'व्हायचं होतं ते झालं' असं म्हणून आपण जे मोकळे होतो, ते म्हणणं मात्र अवघड होऊन बसतं.

हे नारळीकर आपल्या शेजारचे, कोल्हापूरला जन्मलेले. केंब्रिजमध्ये नाव कमावून आलेले शास्त्रज्ञ, तरी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. नावाकडे न बघता कथा पारखली जावी म्हणून. पुढच्याच वर्षी कराडला साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. कराडच्या मांडवात जे पन्नास वर्षांपूर्वी मराठी साहित्याच्या पंगतीला बसलं, ते तुमच्या ग्रुपला अजून परकं का वाटतं हे मला उमगत नाही. 'आपल्या मातीतलं लिही' म्हणणाऱ्यांना विष्णुदास भाव्यांचीही आठवण करून दे. 1843 साली याच सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं राहिलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. ती देव नि राक्षसांना घेऊनच सुरू झाली. आपल्या मातीला अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं.

पण मुख्य आक्षेप 'वास्तव नाही' हा आहे, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. तिथे इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पाणी ओसरल्यावर आम्ही पंचनाम्यांना लागलो. नदीकाठच्या एका गावात किराणा दुकान होतं. आतल्या भिंतीवर लाल ऑईलपेंटनं आडवी रेघ मारलेली, तिच्याखाली 2005 च्या पुराची तारीख. दुकानदारानं त्या रेघेच्या वर वीतभर जागा सोडून लोखंडी अँगलची मांडणी ठोकून घेतली होती. पाणी चढतंय म्हटल्यावर त्यानं नि त्याच्या बायकोनं रातोरात साखरेची पोती, तेलाचे डबे, शेंगदाणा, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे सगळं त्या मांडणीवर चढवलं, नीट रचलं आणि वरून ताडपत्री बांधली. मी गेलो तेव्हा ताडपत्रीवर बोटभर गाळ बसला होता. साखर विरघळून गेलेली, रिकामी पोती अँगलला चिकटलेली. वह्या फुगून एकमेकींत अशा बसल्या होत्या की गठ्ठा ओढून निघेना. नवं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दिसत नव्हतं, कारण ती खूण पत्र्याखालच्या वाशावर होती. मी रकाने भरत होतो आणि तो एकच वाक्य परत परत बोलत होता. "भाऊसाहेब, रेघेच्या वर ठेवलं होतं हो सगळं."

तो माणूस निष्काळजी नव्हता, मनू. जे घडलं त्याची त्यानं चोख नोंद ठेवली होती, वर वीतभर जास्तीची तयारी केली होती. त्याच्याजवळ फक्त न घडलेल्या पुराची गोष्ट नव्हती. ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. दोन्हींचा आधार मागच्या नोंदी. पाऊस मागच्या नोंदींसारखा पडेनासा झाला की त्या रेषांवर विसंबून कसं चालायचं? 2019 नंतर 2021 ला नदी परत गावात आलीच की.

वास्तव म्हणजे झालेलं तेवढंच, असं धरून चाललं की माणूस मागच्या रेघेपाशी थांबतो. पुढचा अंदाज आकड्यांनी काढतात, ते काढायलाच हवेत. पण '62 फूट' असं नुसतं ऐकून कुणी दुकान हलवत नाही. 62 फुटांत आपली पेठ कशी दिसेल, दवाखान्याचा जनरेटर कुठे असेल, दूध कुठल्या वाटेनं येईल, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना जिन्यावरून कोण उचलेल, हे कुणीतरी माणसांसकट लिहून दाखवलं तर तो हलवेल. म्हणून मला ही गोष्ट पळवाट वाटत नाही. पुराच्या आधी करायच्या कामांत मी तिला धरतो.

अशा कथांची तारीफ करताना लोक सांगतात, बघा, त्यात लिहिलेलं पुढे खरं झालं. ती तारीफ मला वरवरची वाटते. ज्यूल व्हर्ननं 1865 साली माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे उडवलं, तसं कुणी गेलं नाही, आणि त्यानं काही बिघडलंही नाही. त्यापेक्षा लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाची हकीकत मोठी आहे. एच. जी. वेल्सनं 1914 साली एका कादंबरीत अणुबाँबनं शहरं बेचिराख केली. अणूतली शक्ती कशी मोकळी करायची हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. झिलार्डनं ती कादंबरी 1932 मध्ये वाचली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याच्याच डोक्यात आली. त्यानं पेटंट घेतलं आणि ते गुप्त राहावं म्हणून ब्रिटिश नौदल खात्याच्या हवाली केलं. या शोधामागून काय येणार हे त्याला कळलं होतं, कारण ते त्यानं वेल्समध्ये वाचलेलं होतं, असं त्यानंच पुढे सांगितलं. बाँब काही थांबला नाही. पण 1945 च्या जुलैत, तो जपानवर टाकायच्या आधी नीट विचार करा असा शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज फिरवणाराही हाच झिलार्ड. वर्षानुवर्षं आधी त्याचं मन त्या राखेतून चालून आलं होतं.

आणि हे सगळं भीतीपुरतंच आहे असंही समजू नकोस. बेगम रुकैया सखावत हुसेन या बंगालमधल्या बाईंनी 1905 साली मद्रासच्या एका मासिकात एक छोटी कथा छापली. तिच्यात बायका राज्य चालवतात आणि पुरुष घरातल्या मर्दान्यात राहतात. बायकांची विद्यापीठं आहेत. एक विद्यापीठ फुग्याला नळ्या लावून ढगांतून हवं तेवढं पाणी काढून घेतं, दुसरं सूर्याची उष्णता साठवून ठेवतं. ज्या काळात मुलीनं अक्षर गिरवलं तरी घरात वादळ उठायचं त्या काळातली ही गोष्ट. याच बाईंनी 1911 मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढली, आठ मुलींना घेऊन. मला त्यातला क्रम फार आवडतो. देश आधी कागदावर उभा केला, शाळा मागून आली.

आपल्या भागात तर माणसांनी अशी गोष्ट लिहिली नाही, जगून दाखवली. 1943 ते 1946 च्या दरम्यान जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आपला हा भागही मोडायचा, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. इंग्रज अजून छातीवर बसलेले. तरी ते गेलेच आहेत असं धरून यांनी गावोगाव न्यायदान मंडळं बसवली, तंटे मिटवले, गांधी विवाह लावले, तुफान सेना उभी केली. तुझ्या पणजोबांच्या वाटणीचा तंटा अशाच मंडळापुढे मिटला, हे तुझी आजी किती वेळा सांगायची! फेरफार एकच, 'आपण स्वतंत्र आहोत', आणि त्याच्यामागून येणारं सगळं या माणसांनी जिवावर उदार होऊन अमलात आणलं. तेव्हाही कुणीतरी चावडीवर बसून 'यात वास्तव नाही' म्हणालं असेलच.

आता पेन्सिलीच्या खुणा. मी तुझी गोष्ट मनापासून मानतो म्हणून स्पष्ट लिहितो.

रात्री नदी माणसाच्या आवाजात तलाठ्याशी बोलते, ते प्रकरण काढून टाक. भाषा सुंदर आहे, पण तिथे तू स्वतःची अट मोडलीस. नदी एकदा बोलली की सगळे प्रश्न तिलाच विचारता येतील आणि मग गोष्ट संपली. ती बोलत नाही, म्हणूनच तिच्या वतीनं कोण बोलणार हा पेच उभा राहतो. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाचं नाव लागलं की पुढे 'अ. पा. क.' लिहून पालनकर्त्याचं नाव येतं. तुझ्या नदीचा अपाक कोण? जिल्हाधिकारी? साखर कारखान्याचा चेअरमन? काठावरचे कोळी? न्यूझीलंडनं 2017 मध्ये व्हांगानुई नदीला कायद्यानं व्यक्ती मानलं तेव्हा दोन पालक नेमायचं ठरवलं, एक सरकारनं सुचवलेला, एक तिथल्या माओरी लोकांनी. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. राज्य सरकारचा एक प्रश्न असा होता की पुरात माणसं दगावली तर भरपाईचा दावा कुणावर लावायचा, नदीच्या पालकावर? हा प्रश्न तुझ्या गोष्टीत अजून आलाच नाही. तो येईल तेव्हा गोष्ट तापेल.

दुसरं, तुझा तलाठी फार लवकर सही करतो. फेरफार असा दुपारी लिहून संध्याकाळी मंजूर होत नसतो. नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस असतात, हरकत आली तर सुनावणी, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तू ही सुनावणी एका ओळीत उडवलीस. तिथेच तर अख्खं गाव तुझ्या हातात सापडेल! ऊसवाला येईल, द्राक्षवाला येईल, वीटभट्टीवाला येईल, वाळूवाला स्वतः न येता वकील पाठवेल. आणि कुणीतरी म्हातारी येईल जिला वाटतं की जमीन नदीचीच आहे, आपण फक्त कसतो.

त्यातून तिसरा पेच निघतो, माझ्या मते सगळ्यात भारी. जमीन नदीची झाली तर शेतकरी तिचे कूळ झाले. 1948 च्या कूळ कायद्यानं आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानं कसणाऱ्याला मालक केलं. मग उद्या हेच शेतकरी नदीविरुद्ध कूळ म्हणून उभे राहिले तर? कसेल त्याची जमीन ही आपल्याकडची किती कष्टानं मिळालेली गोष्ट आहे. तिला तुझी नदी काय उत्तर देणार? इथे नदी बरोबर आणि माणसं चूक असं करू नकोस. दोन्ही बाजू खऱ्या ठेव. बँक पीककर्ज कुणाच्या नावावर देईल, इतर हक्कातला जुना बोजा कुठे जाईल, हेही बघ. कागद कंटाळवाणे वाटतील, पण माणसाची रात्रीची झोप त्या कागदांवरच उडते.

उडती यानं, लेसरच्या लढाया, शेवटी पृथ्वी वाचली, असं पुष्कळ लिहिलं जातं. ते वाचायला माझी हरकत नाही, पण त्यात काही हलत नाही. तुझ्या गोष्टीत सातबाऱ्यावर एक नाव बदललं आणि मला माझ्या नोकरीतली गावंच्या गावं डोळ्यांपुढे हलताना दिसली. हे तुला जमतंय. ज्याला जमतंय त्यानं ते लिहावं, असं मला कळकळीनं वाटतं.

ग्रुपमधल्या मुलांशी भांडू नकोस. त्यांना सुनावणीचा प्रसंग वाचून दाखव आणि प्रत्येकाला एकेक हरकत घ्यायला लाव. तुझं निम्मं काम तेच करतील.

आईनं कुरिअरनं शेंगदाण्याची चटणी नि मेतकूट पाठवलंय, रूममेटला दे. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की कळव, तोवर लिहिणं रात्री जागून करू नकोस. अडलीस तर रविवारी दुपारी फोन कर, सातबाऱ्याचा जुना हस्तलिखित नमुना कपाटातून काढून ठेवलाय, त्याचा फोटो पाठवतो.

आणि एक विचारायचं राहिलं. वारणेचा सातबारा तू वेगळा धरलायस का? हरिपूरला दोघींचा संगम आहे. तिथे हद्द कायम करायची झाली तर मोजणीचा अर्ज कुणी भरायचा आणि लगतधारक, म्हणजे शेजारचा जमीनधारक, म्हणून सही कुणाची घ्यायची? याचा विचार करून ठेव.

तुझा,
बाबा